12 फुटी घर आणि मधला चौक : उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

पुण्यात पेठेतली आमची जागा 12 फूट रुंद, 48 फूट खोल. दोन्हीकडे शेजारी चिकटून, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे. दोन 9 इंची भिंती घातल्या की आत उरतात साडेदहा फूट. तळमजला अधिक दोन मजले बांधले.

वाद झाला चौकावरून. आर्किटेक्टबाईंनी मध्यात 4 बाय 10 फूट जागा खालपासून गच्चीपर्यंत मोकळी सोडली. 'तीन मजल्यांचे मिळून 120 चौरस फूट हवेत उडवलेत,' असं मामा अजूनही ऐकवतात. ऐकवोत बापडे. त्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसा दिवा लागतो, आमच्या तळमजल्यावर संध्याकाळपर्यंत लागत नाही. चौकाच्या भिंती पांढऱ्या ठेवल्यात, उजेड त्यांच्यावरून खाली येतो. वर पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या प्लास्टिकचा, पत्रा दीड फूट उचलून बसवलाय, बाजूंनी लुव्हर्स, म्हणजे हवा जाऊ देणाऱ्या तिरप्या पट्ट्या. गरम हवा तिथून निघून जाते आणि मागच्या खिडकीतून गार झुळूक ओढली जाते. एप्रिलात खालची खोली सुसह्य होती. वरचा मजला मात्र तापतोच, त्यावर चौकाचा इलाज चालत नाही.

जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांनी 1976 मध्ये ओसाकात जेमतेम 11 फुटी घर बांधलं, त्याचा चौक पूर्ण उघडा आहे. झोपायच्या खोलीतून न्हाणीघरात जायचं तर पावसात छत्री घ्यायची! आईनं हे ऐकून हातच जोडले, म्हणून आमच्याकडे पत्रा आला.

जिना सरळ, भिंतीला लागून, 3 फुटी. वळणाचा घेतला असता तर साडेसहा फूट रुंदी त्यानंच खाल्ली असती. पायरीला 7 इंचाचीच चढण आहे, तरी आईचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे तिची खोली आणि एक न्हाणीघर खालीच. अशा घरात म्हाताऱ्या माणसांची सोय आधी आखा, बाकीचं नंतर.

आता तक्रारी. चौकातून उजेडाबरोबर सगळंच फिरतं. कुकरची शिट्टी तिसऱ्या खोलीत, मिरचीच्या फोडणीचा ठसका थेट वरच्या मजल्यावर. शेगडीवर धूर ओढणारी चिमणी लावल्यावर वास कमी झाला; आवाजाला उपाय नाही, मुलगी अभ्यासाला दार लावून बसते. लुव्हर्समधून कबुतरं आत येत होती, शेवटी जाळी मारली. पत्र्यावरची धूळ धुतली नाही तर उजेड मंदावतो, म्हणून गच्चीवर नळ हवाच. कपाटं जिन्यावरून वर जात नव्हती, ती पत्रा बसण्याआधी चौकातूनच दोरानं वर ओढून घेतली. पुढेमागे बदलायची झाली तर सुताराला घरातच जोडायला लावणार.