सणाचा गेम: वेगळा वन-शॉट की चालू कॅम्पेनमध्येच?
सुट्टीत डन्जन्स अँड ड्रॅगन्स (एकजण गोष्ट रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात तो गेम) खेळायला सगळे जमणारेत, तर वेगळा वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारी गोष्ट, घ्यावा की कॅम्पेनमध्येच, म्हणजे बैठकीमागून बैठक चालू असलेल्या गोष्टीतच, सण आणावा, इथे अडकलायस ना. आधी तयारी बघ. वन-शॉटला गाव, व्हिलन, कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) सगळं नव्याने, पण डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत 5व्या लेव्हलची तयार कॅरेक्टर्स दिलीस की फायटरला (लढवय्याला) एका पाळीत दोन वार, विझार्डला (जादूगाराला) फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र मिळतो, नवख्यालाही लगेच मजा येते आणि एका बैठकीत गोष्ट संपवता येते. कॅम्पेनला तयारी कमी, पण एकजण गैरहजर राहिला तरी गोष्ट लंगडते. जीव मात्र तिथेच गुंततो, मागे वाचवलेली लोहाराची पोर जत्रेत धावत येऊन स्वतः घडवलेला वाकडा खिळा पार्टीच्या (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीच्या) हातात ठेवते ना, ते वन-शॉटमध्ये जमतच नाही. नवखे पाहुणे असतील तर वन-शॉट, नेहमीचे चौघं-पाचजण पक्के असतील तर कॅम्पेनच कर.