ओपनफोममधलं रेडिएशन: आठ महिने वापरल्यावर

माझं काम ओपनफोममध्ये (हवा आणि उष्णता कशी वाहते ते कॉम्प्युटरवर सोडवणारं सॉफ्टवेअर) सीलबंद कंट्रोल बॉक्सचं तापमान काढायचं, पंखा नाही, आत सर्किट कार्ड तापतं आणि उष्णता जायची ती फक्त डब्याच्या भिंतींतून. आधी मी रेडिएशन, म्हणजे किरणांतून जाणारी उष्णता, बंदच ठेवायचो, वाटायचं ते भट्टीवाल्यांचं काम. पण साधा हिशोब करून बघा ना, भिंत 60 अंश, भोवताल 30 आणि एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती जोरात किरणं सोडतो, 0 ते 1) 0.9 धरली तर रेडिएशनचा उष्णता वाहून नेण्याचा गुणांक साधारण 6.6 येतो, आणि पंख्याशिवाय नुसत्या हवेचा असतो 5 च्या आसपास. म्हणजे अर्धी उष्णता मी हिशोबातच धरत नव्हतो!

मग पी-1 हे रेडिएशनचं साधं मॉडेल लावलं, एकच जास्तीचं समीकरण, पटकन सुटतं. पण ते धूर, ज्वाळा अशा ठिकाणी बरं, जिथे मधला वायू किरणं शोषतो. डब्यातली हवा जवळजवळ काहीच शोषत नाही, त्यामुळे तिथे पी-1 वर भरवसा ठेवू नका. आता सगळं एफव्हीडॉमवर करतो, हे मॉडेल ठरावीक दिशा घेऊन प्रत्येक दिशेची किरणं वेगळी सोडवतं. एनफाय 3, एनथीटा 5 (दिशा किती भागांत वाटायच्या ते आकडे) म्हणजे थ्रीडीमध्ये 4 गुणिले 15, 60 दिशा आणि तेवढीच समीकरणं, मशीन दमतं खरं पण सॉल्व्हरफ्रेक 10 ठेवलं की रेडिएशन दर दहाव्या फेरीलाच सुटतं आणि वेळ आवाक्यात येतो. वेळ वाचवायला 16 दिशांवर आणलं तर भिंतीवर चट्टेपट्टे दिसायला लागले, ते परत कधी केलं नाही.

सगळ्यात जास्त दिवस कुठे गेले सांगू? रेडिएशन चालू, रेसिड्युअल (समीकरणात उरलेली चूक) छान खाली, आणि तापमान मात्र रेडिएशन बंद असताना होतं तेवढंच! दोन आठवडे मेशच्या (डब्याचे हिशोबासाठी केलेले बारीक तुकडे) मागे लागलो होतो. शेवटी सापडलं, हवा आणि धातूच्या मधल्या कपल्ड (दोन्हीकडची उष्णता जोडणाऱ्या) भिंतीवर क्यूआरच्या (किरणांची उष्णता) पुढे मी नन, म्हणजे काहीच नाही, असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे किरणं सुटत होती पण भिंतीच्या तापमानापर्यंत पोचतच नव्हती. हवेच्या बाजूला क्यूआर, धातूच्या बाजूला क्यूआरएनबीआर (शेजारच्या बाजूचा क्यूआर), दोन्ही फाइल उघडून डोळ्यांनी बघा, जुनी केस (आधीच्या कामाच्या फाइल) कॉपी केली असेल तर नक्कीच.

आणि एमिसिव्हिटी अंदाजाने टाकू नका हो. चकचकीत ॲल्युमिनियम 0.05 च्या आसपास, तेच ॲनोडाइज केलं की 0.8 च्या घरात. मी आता मेश करायच्या आधी शॉपफ्लोअरला फोन करून विचारतो, डब्यावर फिनिश कुठलं येणारे.