पन्नास एमएम, पेंग्विन आणि १८० रुपयांचं रबर

कॅमेऱ्याची लेन्स आठ महिने वापरून लिहितेय. लेन्स कुठल्या कंपनीची ते जाऊ दे, पहिली प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, म्हणून सगळे घेतात तीच ५० एमएम एफ १.८; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो, पण शार्प पट्टा अरुंद होतो. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत. माझे निम्मे रविवार भायखळ्याला राणीच्या बागेत पेंग्विनपुढे गेले आणि गेल्या महिन्यात तिथेच हिने मान टाकली.

आत फ्लॅश चालत नाही, उजेड मंद, मधे काच, काचेवर पोराटोरांच्या बोटांचे ठसे. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स एफ ५.६ वर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) २५६०० मागते आणि फोटोत नुसती दाणेदार रांगोळी. हिच्यावर एफ २, १/२०० सेकंदाला आयएसओ ३२०० मधे भागतं. एक्स्पोजर थोडं मायनसमधे ठेवा, नाहीतर पांढरी छाती जळते, तपशीलच उरत नाही.

तरी सुरुवातीला मी शिव्याच घातल्या. हम्बोल्ट जातीच्या पेंग्विनची जोडी चोचीने एकमेकांची मान विंचरत असते आणि दीड मीटरवरून १.८ ला जेमतेम ६ सेंटिमीटर शार्प, एकाचा डोळा आला की दुसऱ्याचा गेला. म्हणून एफ ४ करून बसले तर सगळं शार्प आणि फोटो पाठ्यपुस्तकातला. मग एकदा चुकून फोकस विंचरून घेणाऱ्यावर बसला. मिटलेली पापणी, चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी, दुसरा म्हणजे नुसता धूसर काळा ठिपका. घरी मोठ्या स्क्रीनवर बघितला आणि सॉफ्टनेसची, म्हणजे धूसरपणाची, तक्रार मागे घेतली. आता आधी ठरवते, आज गोष्ट कोणाची.

पण ती फोकस रिंग! ती रिंग नाहीच, फोकसच्या मोटरला हुकूम देणारं बटण आहे, कॅमेरा झोपला की नुसती गोल फिरते. ऑटोफोकस काचेवरच्या ठशांना धरतो म्हणून मॅन्युअल करायचं, आणि मॅन्युअल म्हणजे पुन्हा तीच मोटर. प्रतिबिंब जावं म्हणून मी १८० रुपयांचं रबर हूड (लेन्सपुढची कड) लेन्सच्या तोंडाशी फिल्टर बसवायच्या आट्यांवर बसवून काचेला दाबायचे. आटे आहेत कुठे, तर फोकस करताना पुढेमागे होणाऱ्या आतल्या नळीवर. म्हणजे दर रविवारी मी मोटरच रेटत होते. एक दिवस कर्र झालं आणि रिंगही मेली.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणे फिजिकल डॅमेज, वॉरंटी नाही, आणि एस्टिमेट लेन्सच्या निम्म्या किमतीचं. मी विचारलं, आटे दिलेत ते काय शोभेला? त्यावर फॉर्म पुढे सरकवला. शेवटी फोर्टातल्या एका जुन्या रिपेअरवाल्या काकांनी सुटलेला गिअर बसवून ९०० घेतले आणि फुकट सांगितलं की हूड बाहेरच्या बॉडीला अडकणारं घ्यायचं.

घेतलं. प्लास्टिकचं आहे, काचेवर ओरखडा नको म्हणून पुढे सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलीय. बुधवारी बाग बंद असते, रविवारी जाऊन बघते.