डाव्या खांद्यावरची एआर-१५: ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक काही महिने वापरल्यावर

डाव्या खांद्याला एआर-१५ ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल लावणाऱ्यांना दोन त्रास ठरलेले. उजव्या दंडावर आणि गळ्याशी येऊन आदळणाऱ्या गरम पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी टरफलं), आणि डोळ्यांत जाणारा धूर. टेक्सासमध्ये रेंजवर जायला लागल्यापासून मी दोन्ही सोसत होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक, म्हणजे बॅरलमधून मागे येणारा गॅस स्क्रूने कमी-जास्त करता येणारा भाग, बसवून घेतला, आणि आता थंडी पडल्यावर हे लिहिते आहे. पैसे वसूल झाले. मात्र उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांचा सल्ला जसाच्या तसा पाळून ते झाले नसते, आणि मुख्यतः तेच सांगायचं आहे.

माझी रायफल साधीच आहे: १६ इंची बॅरल, मिड-लेंग्थ गॅस (मध्यम लांबीची गॅस नळी) आणि ३ औंसांचा, म्हणजे साधारण ८५ ग्रॅमचा कार्बाइन बफर (दस्त्यात बसणारं, धक्का जिरवणारं वजन). पुंगळी बाहेर पडायची खिडकी उजव्या बाजूला असते. उजव्या खांद्यावर दस्ता असला की त्या बाजूला मोकळी हवा असते. आपल्या बाबतीत तिथे आपलीच छाती, गळा आणि पुढे आधार देणारा उजवा हात असतो. एआरचीच लष्करी आवृत्ती असलेल्या एम१६ए१ च्या काळात डावखुऱ्या सैनिकांसाठी वरून अडकवायचा वेगळा डिफ्लेक्टर (पुंगळी दूर वळवणारा तुकडा) मिळायचा. एम१६ए२ पासून खिडकीच्या मागे जो उंचवटा आला, तो आजच्या बहुतेक एआरवर असतो. त्याने चेहरा वाचतो, हात आणि गळा वाचेलच असं नाही.

पुंगळी कुठे पडणार हे बरंचसं गॅसवर ठरतं. गोळी सुटताना बॅरलमधला थोडा गॅस नळीवाटे मागे येतो आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत बंद करणारा सरकता भाग, ढकलतो. गॅस जास्त असेल तर बोल्ट जोरात मागे जातो, पुंगळी त्या उंचवट्यावर आपटते आणि पुढे उडते. बॅरलचं तोंड घड्याळाच्या बारावर धरलं तर एक-दोनच्या दिशेला. गॅस कमी केला की ती चार-पाचच्या दिशेला, मागे पडते. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच रायफलींमध्ये गॅस मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, म्हणजे हलकं काडतूस असो की आत काजळी साचलेली असो, रायफल अडत नाही. त्या जादा गॅसचा धूर आपल्या तोंडावर येतो.

गॅस लावायची पद्धत सगळे एकच सांगतात. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडायचं; ते संपलं की बोल्ट मागे अडकून राहायला हवा. बोल्ट मागे अडकून राहीनासा होईपर्यंत स्क्रू बंद करत जायचा, मग अडकेपर्यंत उघडायचा आणि वर एक-दोन क्लिक (स्क्रूचे टप्पे) राखीव ठेवायचे. तसं केल्यावर धूर जवळजवळ गेला, धक्काही मवाळ झाला. पण पुंगळ्या साडेचारला पडू लागल्या. उजव्या हाताच्या नेमबाजाला ही आदर्श जागा वाटेल. माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला मात्र लाल चट्टे उठले. मग आणखी दोन क्लिक उघडले. आता पुंगळ्या तीनच्या आसपास, दंडाच्या पुढून निघून जातात. धूर किंचित वाढला, तरी पूर्वीच्या मानाने खूपच कमी आहे. डावखुऱ्यांनी तीनवर थांबावं, असं माझं ठाम मत आहे.

याच कारणाने जड बफर मला जमला नाही. ४.६ औंसांचा एच२ लावून पाहिला, तर पुंगळ्या पुन्हा गळ्याकडे येऊ लागल्या. काढून ठेवला. उलट उंचवट्यावर वेल्क्रोची मऊ बाजू चिकटवली, त्याचा चांगला उपयोग झाला. आधी तिथे पितळेचे पिवळे ओरखडे उठायचे आणि पुंगळ्यांची तोंडं चेपायची. आता त्या एका चटईएवढ्या जागेत पडतात आणि पुन्हा भरायला धड मिळतात. इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाची) स्प्रिंग कापून पुंगळीचा जोर कमी करायचा सल्लाही मिळतो. तो ऐकू नका, पुंगळी खिडकीतच अडकू शकते.

आपण वापरतो त्यातल्या सर्वांत हलक्या काडतुसावर गॅस लावावा. ५.५६ च्या काडतुसावर लावला आणि नंतर स्वस्तातलं, कमी दाबाचं .२२३ भरलं की बोल्ट अर्ध्यातून परततो. थंडीत दाब उतरतो, म्हणून मी एक क्लिक जास्त ठेवते.

तक्रार एकच, पण मोठी आहे. स्क्रूवर काजळी धरते आणि तो जाम होतो. दर सफाईला तो क्लिक मोजत पूर्ण बंद करून पुन्हा जागेवर आणावा लागतो. हँडगार्डच्या (बॅरलवरच्या आवरणाच्या) भोकातून लांब ॲलन की घालून हे करायचं, तेही बॅरल गार झाल्यावर.

एवढं करूनही एखादी पुंगळी कॉलरमध्ये शिरतेच. अशा वेळी चापावरचं बोट काढा, बॅरलचं तोंड लक्ष्याकडेच ठेवा, रायफल खाली ठेवा आणि मगच शर्टात हात घाला. भाजलं तरी क्रम हाच. बंद गळ्याचा शर्ट, पुढे झाप असलेली टोपी आणि बाजूने झाकणारा चष्मा मी अजूनही सोडलेला नाही.

पुण्याला भाचा नेमबाज स्वप्निल कुसळेंच्याच प्रकारात, ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये उतरतो. तोही डावखुरा आहे, पण त्याला यातलं काही करावं लागत नाही. तिथे बोल्ट हाताने ओढल्यावरच पुंगळी निघते, आणि अन्शुट्झ या जर्मन कंपनीच्या डावखुऱ्या रायफली मिळतात. एआरमध्येही स्टॅग आर्म्स ही कंपनी डाव्या बाजूला खिडकी असलेली रायफल बनवते. नवीन घेणार असाल तर ती आधी हातात धरून पाहा. फक्त तिचा अपर (रायफलीचा वरचा भाग) आणि बोल्ट वेगळे असतात, मित्राचा सुटा भाग वेळेला उपयोगी पडत नाही. रायफल आधीच घरात असेल तर गॅस ब्लॉकच घ्या. सप्रेसर (आवाज दाबणारं नळकांडं) लावणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्याने मागे येणारा गॅस बराच वाढतो. त्यांनी सप्रेसरसह आणि सप्रेसरविना, दोन्हींचे क्लिक वेगवेगळे लिहून ठेवावेत.