पेटीत मांजर नव्हतेच

कनिष्ठ महाविद्यालयात एकवीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला विज्ञानाच्याच विनोदाने गंडवावे, हे घरी सांगायलाही मला दीड महिना लागला. रक्कम लपवत नाही: १,०९,८४० रुपये.

एनएफटी म्हणजे डिजिटल चित्रासारख्या वस्तूच्या मालकीची, खरेदी-विक्री करता येणारी संगणकीय नोंद. मार्च २०२१ मध्ये बीपल या चित्रकाराचे डिजिटल चित्र क्रिस्टीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरना गेले होते आणि २०१३ मध्ये थट्टा म्हणून काढलेल्या डोजकॉइन या आभासी चलनाचा भावही २०२१ मध्येच गगनाला भिडला होता; त्यामुळे थट्टेलाही मोल येते, हा माझा समज अगदीच खुळा नव्हता. मी घेतलेल्या संग्रहात विज्ञान आणि सिनेमा या दोहोंचे विडंबन होते. काळा चष्मा लावून सफरचंद झेलणारा न्यूटन होता आणि श्रोडिंगरची पेटीही होती. श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९३५ च्या विचारप्रयोगातले मांजर पेटी उघडेपर्यंत जिवंतही असते आणि मेलेलेही. तसेच आपले चित्र दुर्मीळ की टाकाऊ हे पेटी उघडण्याच्या दिवशीच कळणार होते. दरवर्षी वर्गात सांगतो तोच विनोद कोणीतरी इतका नेमका रंगवलेला पाहून मी विरघळलो. १४ जानेवारी २०२२ रोजी प्रत्येकी २०,००० रुपयांचे इथर हे आभासी चलन मोजून तीन पेट्या घेतल्या. गॅस शुल्काचे, म्हणजे व्यवहार नोंदवण्याच्या खर्चाचे, ८,६४० रुपये वेगळे.

अटींच्या पहिल्याच ओळीत लिहिले होते की हे निव्वळ विडंबन आहे आणि या चित्रांना काहीही किंमत नाही. मी हसलो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरील संग्रहाच्या गटात एकाने मालक कोण असे विचारले, तेव्हा "निरीक्षण केले की आम्ही नाहीसे होतो" असे उत्तर आले. त्यावरही हसलो, वर विचारणाऱ्याला विनोद कळत नाही म्हणून हिणवले. दहा मिनिटांत त्याला गटातून काढून टाकले. तेव्हाच माझे डोळे उघडायला हवे होते.

२८ जानेवारीच्या रात्री पेटी उघडण्यासाठी वॉलेटची, म्हणजे इथर आणि चित्रे ठेवण्याच्या डिजिटल पाकिटाची, सही (व्यवहाराला मंजुरी) मागितली गेली. ती प्रत्यक्षात माझ्याकडच्या दुसऱ्या संग्रहातील, ४१,२०० रुपयांना घेतलेली दोन चित्रे हलवण्याची सरसकट परवानगी होती. चित्र उघडायला तशी परवानगी लागतच नाही, पण पडद्यावर उलटे घड्याळ पळत होते आणि मी न वाचताच सही केली. (घड्याळ लावून सही मागणारे पान तत्क्षणी बंद करा.) ती दोन चित्रे गेली आणि तिन्ही पेट्यांतून एकच रिकामी चौकट निघाली.

पोलीस ठाण्याने सायबर कक्षाकडे धाडले. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवले. जिथून इथर विकत घेतले ते एक्स्चेंज म्हणाले, इथर तुमच्याच वॉलेटात गेले. कक्षातील अधिकाऱ्यांनी विचारले, "चित्रं तर तुमच्याकडेच आहेत ना, मग चोरी कसली?" दोन चित्रे खरोखर गेली आहेत हे सांगेपर्यंत त्यांनी अटींची ती पहिली ओळ मलाच वाचून दाखवली आणि अर्जावर 'दिवाणी स्वरूप' असा शेरा मारला. नुकत्याच झालेल्या १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर जाहीर झाला होता, आणि तोटा मात्र कशातूनही वळता करता येणार नव्हता. कर घ्यायचा तेव्हा ही मालमत्ता, चोरीला गेली की नुसते चित्र!

सरसकट दिलेल्या परवानग्या आजच रद्द करा. संग्रहाची चित्रे ज्या वॉलेटात ठेवता, त्यातून अनोळखी संकेतस्थळावर सही करू नका. फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. मी अकरा दिवस लाजेपोटी घालवले. तक्रारीनंतर "रक्कम परत मिळवून देतो, आधी १५,००० भरा" असे दोन संदेश आले. त्यांतल्या एकाला मी उत्तर दिले होते. पैसे मात्र दिले नाहीत.