मॅचरिंग २.०: आठ महिने अभंग-भावगीतांवर वापरल्यानंतर

मॅचरिंग म्हणजे गाण्याचं मास्टरिंग (मिक्सवर फिरवायचा शेवटचा हात) आपोआप करणारं साधन. मोफत, मुक्त स्रोत, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणारं. आपला मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र केलेली फाइल) आणि एक रेफरन्स, म्हणजे नमुन्याचं, गाणं दिलं की रेफरन्सची आरएमएस (सरासरी आवाजाची) पातळी, टोनल बॅलन्स (खालच्या-वरच्या स्वरांचा तोल), पीक (सर्वोच्च टोक) आणि स्टिरिओ रुंदी आपल्या मिक्सवर बसवून देतं. मोजमाप करताना गाण्याचे तुकडे पाडून सरासरीपेक्षा मोठ्या आवाजाचेच धरतं, त्यामुळे सुरुवातीच्या हळू आलापाने गणित बिघडत नाही. ही गोष्ट मला फार आवडते. पण निकाल चांगला की वाईट, हे ठरतं रेफरन्सच्या निवडीवर.

कारण त्याला वाद्यं कळत नाहीत, सरासरी कळते. मिक्समध्ये टाळ सतत वाजताहेत आणि रेफरन्समध्ये टाळच नाहीत, तर वरचा भाग त्याला जास्त वाटतो आणि ते तो खाली ओढतं. टाळ बसतात खरे, पण सोबत गायकाच्या 'स-श'ची धार आणि श्वासही जातो. ८०८ बेसचं (ड्रम मशीनच्या खूप खोल बेसचं) पॉप गाणं दिलं तर उलटं: ४०-६० हर्ट्झला उचल मिळते, आणि पखवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे पंख्याची घरघर नि स्टँडमधून आलेली धडधडच जास्त असते. वाद्यमेळ जुळणारंच गाणं घ्या, आणि आधी ३५ हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा.

रेफरन्स वेव्ह किंवा फ्लॅकच हवा. १२८ केबीपीएसची एमपी३ साधारण १६ किलोहर्ट्झला कापलेली असते. तो कापसुद्धा तुमच्या गाण्यावर उतरतो.

लाउडनेसमध्ये (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणात, तो लफ्समध्ये मोजतात) सर्वाधिक नुकसान होतं. मिक्स -१८ लफ्स, रेफरन्स -८, म्हणजे १० डेसिबलची उचल. लिमिटरचा (ठरलेल्या पातळीवरची टोकं दाबणाऱ्या भागाचा) पहिला घाव तबल्याच्या चाटेवरच्या (कडेवरच्या) 'ना'वर पडतो: टोक जातं, नुसता नाद उरतो. त्यात स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणं -१४ लफ्सवर आणतं, म्हणजे कमावलेले ६ डेसिबल परत जातात आणि 'ना' बोथटच राहतो. म्हणून मी आतला लिमिटर बंद ठेवून २४ बिट फाइल काढते, डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) आपला लिमिटर लावते, सीलिंग (वरची मर्यादा) -१ डेसिबल ट्रू पीक (दोन सॅम्पलांमधली टोकंही धरून मोजलेलं पीक), आणि चाट टोकदार ऐकू येते तिथेच थांबते.

तुलना करताना मूळ आणि नवी फाइल लफ्स मीटरवर सारख्या पातळीला आणा, नाहीतर मोठी तीच गोड वाटते. टोन फारच बदलला असेल तर पातळी जुळवलेल्या दोन्ही फाइल निम्म्या-निम्म्या मिसळा. अभंगाला बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.