रश इन रिओ: नील पीअर्टचे हात कुठे आणि कसे पाहावेत

‘रश इन रिओ’ची डीव्हीडी हातात आली की पहिली चकती बाजूला ठेवा आणि दुसरी लावा. पहिलीवर रश या कॅनडाच्या तिघांच्या बँडचा अख्खा कार्यक्रम आहे, दुसरीवर त्यांच्या ब्राझील दौऱ्याचा माहितीपट. पण त्या दुसरीच्याच मेनूत मल्टिअँगल नावाचा एक विभाग आहे, आणि ज्याचं ड्रमवर प्रेम आहे त्याच्यासाठी या संचाचं खरं मोल तिथे आहे. तुकडे तीनच: ‘वाय-वाय-झेड’, ‘ओ बातेरिस्ता’ आणि ‘ला व्हिया स्ट्रॅन्जिआटो’. रिमोटवरचं अँगलचं बटण दाबलं की कॅमेरा बदलतो. बँडचा ड्रमर नील पीअर्ट याचे हातपाय आपल्याला हवे तेवढा वेळ पाहता येतात. (नावाचा उच्चार पीअर्ट. ‘पर्ट’ म्हणायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे, ती सोडावी.)

हे आधी सांगण्याचं कारण मुख्य कार्यक्रमाचं संकलन. कॅमेरा तिथे एका जागी स्थिरावतच नाही. पीअर्ट टॉमच्या, म्हणजे लहानमोठ्या ड्रमच्या, रांगेवरून खाली उतरत असतो आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर गर्दी येते, नाहीतर गायक आणि बासवादक गेडी लीचा चेहरा. फिल, म्हणजे ठेक्यामधली भरणीची जागा, ऐकू येते, पण कोणता टोला कोणत्या हाताचा हे कळत नाही. दिग्दर्शकाला गर्दीचा मोह का पडला हे मात्र पाहताना समजतं. 23 नोव्हेंबर 2002 ची रात्र, रिओचं माराकाना मैदान, सुमारे 40,000 लोक. ‘व्हेपर ट्रेल्स’ दौऱ्याचा हा शेवटचा कार्यक्रम आणि रश ब्राझीलमध्ये पहिल्यांदाच आलेले. आदल्या रात्री ते साओ पावलोत वाजवून आले होते. पावसामुळे सामानाचे ट्रक उशिरा पोचले आणि साउंडचेक, म्हणजे आधीची आवाजाची चाचणी, न करताच कार्यक्रम सुरू करावा लागला. एवढ्या मोठ्या मैदानात साउंडचेकशिवाय बसणं म्हणजे काय, हे कोणत्याही ड्रमरला विचारा. वादकाला स्वतःचं वादन ऐकवणाऱ्या मॉनिटरमध्ये काय ऐकू येईल हे पहिल्या गाण्यातच कळणार असतं.

आणि ते पहिलं गाणं आहे ‘टॉम सॉयर’. इथे उजव्या हाताकडे पाहा. हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, पीअर्ट एकाच हाताने मात्रेत चार टोले वाजवतो. मूळ ध्वनिमुद्रणाची लय मिनिटाला साधारण 88 मात्रांची आहे, म्हणजे एका हाताचे मिनिटाला साडेतीनशे टोले, सेकंदाला जवळजवळ सहा. शिकणारे बहुतेक जण हे दोन्ही हातांत वाटून घेतात. वाजतं खरं, पण बॅकबीटला (दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच्या जोरकस टोल्याला) एक हात हाय-हॅटवरून स्नेअरवर, म्हणजे समोरच्या मुख्य ड्रमवर, न्यावा लागतो आणि तेवढ्यापुरतं हाय-हॅटच्या धाग्यात भोक पडतं. पीअर्टचा धागा सलग राहतो, डावा हात स्नेअरसाठी मोकळा असतो, आणि गाण्याचा दाब त्या सलगपणातून येतो.

हे बसवायला गेलं की आधी खांदा दगा देतो. टोला कोपरापासून मारला तर दुसऱ्या कडव्यापर्यंत हात लाकडासारखा होतो. 60 च्या लयीत सुरुवात करा, चारातला पहिला टोला मनगटाने घ्या आणि पुढचे तीन बोटांनी काठी उसळू देत घ्या. दोन मिनिटं सलग, हात न आवळता वाजलं तरच लय चाराने वाढवा. काठी घट्ट धरून वेग काढला की आवाज कोरडा येतो आणि दुसऱ्या दिवशी मनगट दुखतं. मधल्या वाद्यांच्या भागात गाणं सातात जातं. रूपक ज्याच्या कानात मुरलेला आहे त्याला सात मोजण्याची अडचण नाही. अडचण येते चारातून सातात शिरताना, कारण हात सवयीने आठवी मात्रा मारून मोकळा होतो. पीअर्ट तिथे फिल टाकून सांधा लपवत नाही. सरळ पुढच्या आवर्तनात पाऊल टाकतो.

‘वाय-वाय-झेड’ हा या संचातला सगळ्यांत आनंदाचा भाग. 1981 च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ अल्बममधली ही वाद्यरचना. वाय-वाय-झेड हा टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळाचा संकेत, आणि सुरुवातीचा ठेका म्हणजे ती तीन अक्षरं मोर्समध्ये. लांब खूण दोन भागांची, आखूड खूण एका भागाची धरली की हिशोब असा बसतो. लांब खुणेला ‘धाऽ’ म्हणा, आखूड खुणेला ‘ति’.

वाय: धाऽ ति धाऽ धाऽ
वाय: धाऽ ति धाऽ धाऽ
झेड: धाऽ धाऽ ति ति

सात, सात आणि सहा, एकूण वीस. मात्रेचे चार भाग धरले तर पाच मात्रांचं आवर्तन पुरं. गंमत पुढे आहे. हाताने पाच सरळ टाळ्या देत हे बोल म्हणून पाहा. दुसरी आणि तिसरी टाळी ‘ऽ’वर पडते, त्या दोन जागी बोलच नाही. चौथी टाळी दुसऱ्या ‘वाय’च्या शेवटच्या ‘धा’वर येते, पाचवी ‘झेड’च्या दुसऱ्या ‘धा’वर. म्हणजे कानाला सात-सात-सहा ऐकू येतं आणि पायाला पाच सरळ मात्रा चालवायच्या असतात. नवशिक्यांची चूक जवळजवळ ठरलेली आहे: ‘झेड’मधले शेवटचे दोन ‘ति’ घाईने उरकले जातात आणि सम अर्धा भाग आधी येते. ते दोन ‘ति’ मुद्दाम जड म्हणा, टाळी सोडू नका, आणि बोल तोंडात पक्का होईपर्यंत काठी उचलू नका.

या रचनेत एकही शब्द नाही. तरीही माराकानावरचे लोक ती गातात. गिटार आणि बासची सुरावट हजारो लोक ‘ला ला’ करत, उड्या मारत म्हणतात, आणि त्यात सूरही आहे आणि लयही. मधल्या भागात बास आणि ड्रम आळीपाळीने छोट्या जागा घेतात, सवाल-जवाबासारख्या. इथे कॅमेरा पीअर्टवर ठेवून पाहा. जागा भरताना तो आधी कुठे उतरायचं ते ठरवतो आणि मग त्या टोल्यापर्यंतचा रस्ता बांधतो. ब्रेक संपतो तो क्रॅश झांजेवर आणि पायाने वाजणाऱ्या बास ड्रमवर एकाच वेळी, काठावर न रेंगाळता. राइड झांजेच्या बेलवरचा, म्हणजे मधल्या घुमटावरचा, त्याचा ठेकाही नीट ऐका. तो सरळ चालत नाही, टोले मधल्या जागांत पडतात, आणि तरी खालचा चार डगमगत नाही.

‘फ्रीविल’ची सुरुवात सहा अधिक सात अशा तेरा मात्रांची आहे, तीही याच रात्री आहे, पण तिथे कॅमेऱ्याचा पर्याय नाही. ऐकून मोजावी. ‘वन लिटल व्हिक्टरी’ मात्र चुकवू नका. दुसऱ्या सत्राची सुरुवात त्याने होते आणि गाण्याची सुरुवात दुहेरी पेडलच्या, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेल्या बास ड्रमच्या, धडधडाटाने. पीअर्टने मुलगी आणि पत्नी दहा महिन्यांच्या अंतराने गमावली होती, 1997 आणि 1998 मध्ये. बँड थांबला होता. आधीच्या अल्बमनंतर सहा वर्षांनी आलेल्या ‘व्हेपर ट्रेल्स’मध्ये लोकांना सगळ्यांत आधी ऐकू आले ते हे ड्रम. रिओत ते ऐकताना ही गोष्ट माहीत असावी.

आता दोष. ध्वनी साफ नाही. खालचा पट्टा फुगलेला आहे, बास गिटार आणि बास ड्रम कित्येकदा एकमेकांत मिसळतात आणि दुहेरी पेडलचे टोले वेगळे काढायला कान ताणावा लागतो. गर्दीचा आवाज मिश्रणात खूप वर आहे. 5.1 (भोवताली स्पीकर लावलेली) यंत्रणा असेल तर मागच्या स्पीकरांचा आवाज उतरवा, गर्दी बरीच मागे जाते. दोनच स्पीकर असतील तर चांगले हेडफोन लावा आणि इक्वलायझरवर बास थोडा कमी करा. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हे पाहू नये, तिथे स्नेअरवरचे हलके टोले ऐकूच येत नाहीत आणि तेच तर ऐकायचे आहेत. तीन सीडींचा संचही आहे, त्यात इतर ठिकाणची दोन गाणी जास्तीची मिळतात, पण ड्रम शिकणाऱ्याला त्याचा उपयोग कमी.

ध्वनीच महत्त्वाचा असेल तर रशच्याच दुसऱ्या कार्यक्रमाची ‘आर30’ घ्या. 24 सप्टेंबर 2004, फ्रँकफर्टचं फेस्टहाले. बंद सभागृह, स्वच्छ मिश्रण. मूळ डीव्हीडीतून काही गाणी गाळली होती, 2009 च्या ब्लू-रेमध्ये ती परत आली, म्हणून घ्यायचं तर ब्लू-रे. आणि त्याच फ्रँकफर्टच्या सोलोवर हडसन म्युझिकने ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ ड्रम सोलो’ काढली. तिथे पीअर्ट स्वतः ड्रमपाशी बसून सोलोचा एकेक भाग उलगडून सांगतो. ती पाहून रिओच्या सोलोकडे परत या. अर्ध्याहून जास्त गोष्टी तेव्हाच दिसतात.

तो सोलो म्हणजे ‘ओ बातेरिस्ता’. पोर्तुगीजमध्ये अर्थ साधा, ‘ड्रमर’. साधारण नऊ मिनिटांचा. रॉकमधला ड्रम सोलो म्हटलं की लोकांना वेग आणि घाम आठवतो. पीअर्टचा सोलो तबल्याचा एकल कार्यक्रम ऐकणाऱ्याला जास्त लवकर कळेल, कारण तो बांधलेला आहे. भाग ठरलेले, त्यांचा क्रम ठरलेला, आणि प्रत्येक भागाच्या आत मोकळीक.

सगळ्यांत स्पष्ट साम्य पायांच्या वॉल्ट्झमध्ये आहे. दोन्ही पाय तीन मात्रांचा एक ठेका धरून बसतात आणि वर हात मोकळे सुटतात. तबलजीला लेहरा धरणारा पेटीवाला किंवा सारंगीवाला लागतो. इथे लेहरा स्वतःचेच पाय धरतात. कल्पना जॅझ ड्रमर मॅक्स रोचच्या ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’वरून घेतलेली, आणि पीअर्टने ते ऋण उघड मान्य केलेलं आहे. मल्टिअँगलमध्ये हा भाग लागला की हातांकडे बघायचा मोह आवरा. आधी फक्त पाय ऐका. वर हात चार-चारच्या गटांत धावत असतात, टॉमवरून फिरत असतात, आणि खालचे तीन जिथल्या तिथे.

बसवायचं असेल तर उजवा पाय पहिलीवर, डाव्या पायाने हाय-हॅट दुसरी आणि तिसरीवर. पाच मिनिटं फक्त पाय चालवा. मग स्नेअरवर एकेरी टोले, मात्रेत दोन. मग पॅराडिडल: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. त्याचे टोले आठ आणि तीन मात्रांत बसतात सहा, म्हणून पॅराडिडल आणि पहिली मात्रा पुन्हा एकत्र येतात ती चार आवर्तनांनी. मधल्या तीन आवर्तनांत पाय हातांच्या मागे जायला बघतात: हाताने जोर दिला की उजवा पायही उगाच पडतो. उपाय एकच, पायांचे आकडे मोठ्याने म्हणत राहणं. हाताचे आकडे म्हणायला लागलात की पाय गेलाच.

स्नेअरच्या भागात काठीची पकड पाहा. 1994 मध्ये, जगभर नाव झाल्यावर, पीअर्टने फ्रेडी ग्रूबर या जुन्या गुरूकडे पुन्हा शिकायला सुरुवात केली आणि डाव्या हाताची पारंपरिक पकड नव्याने घोटली. तिचा फायदा इथे दिसतो. टोल्यांमध्ये हवा आहे, हात पुढच्या टोल्याकडे वळण घेऊन जातो, ढकलला जात नाही. ‘मूव्हिंग पिक्चर्स’च्या काळातलं त्याचं वादन याहून ताठ आहे. ज्यांना तो ताठपणा आवडतो त्यांचं म्हणणं समजतं, पण रिओतला हात जास्त गातो. पुढे ड्रमचा अख्खा चौथरा फिरतो आणि मागचा इलेक्ट्रॉनिक संच समोर येतो. तिथे पॅडवर सुरांचे तुकडे आहेत. हा भाग थोडा लांबतो, हे मान्य करायला हवं.

शेवट जॅझचा बँडप्रमुख काउंट बेसी याच्या ‘वन ओ’क्लॉक जम्प’वर. बिगबँडचे ब्रास, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं, वाजतात आणि पीअर्ट त्यांच्या प्रत्येक फटकाऱ्याआधी अर्धी मात्रा जागा करून देतो. तो टोला ब्रासच्या टोल्याइतकाच नेमका असतो. मंद गतीने लावून पाहा, ब्रासच्या आधी स्नेअर कुठे पडतो ते. रॉकच्या जड हाताने हे वाजवलं की स्विंग, म्हणजे जॅझच्या लयीतला झोका, मरतो, सगळं कवायतीसारखं होतं. इथे तो मरत नाही.

सोलो संपला की ली आणि गिटारवादक ॲलेक्स लाइफसन अकूस्टिक गिटारी घेऊन ‘रेझिस्ट’ गातात. त्यात ड्रम नाहीत. पीअर्टला विश्रांती मिळते ती तेवढीच, कारण लगेच ‘2112’ सुरू होतं आणि त्यानंतर अजून अर्ध्या तासाहून जास्त वाजवायचं असतं. तेव्हा सोलो पाहून चकती काढू नका. शेवटचं गाणं संपेपर्यंत त्याचा स्नेअर पहिल्या गाण्याइतकाच मध्यावर पडतो का, ते पाहत राहा.